उन्हाळ्याच्या सुटीत समुद्र : वाटूरहून निघायचे, पण कोणत्या गावाला?

मराठवाड्यातल्या आपल्या बहुतेक कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दादरला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी तासन् तास रांगेत उभे राहायचे, वंदन करायचे आणि परतीची गाडी पकडण्याआधी चौपाटीच्या वाळूत घटकाभर टेकायचे. समोर अथांग पाणी असते, पण मन भरून आलेले असते. लेकराचा हात गर्दीत सुटू नये म्हणून घट्ट धरलेला असतो. ७ डिसेंबर १९५६ रोजी याच किनाऱ्यावर बाबासाहेबांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. त्या समुद्राकडे आपण मौजेच्या नजरेने पाहत नाही, आणि पाहूही नये.

मग आपल्या लेकरांनी लाटांत पाय केव्हा भिजवायचे? वाळूचा किल्ला केव्हा बांधायचा? ज्या माउलीने सारा जन्म कापूस वेचण्यात आणि टँकरमागे घागर घेऊन धावण्यात घालवला, तिने पाण्याकाठी स्वस्थ केव्हा बसायचे?

आम्ही वाटूरकर कुटुंबे हा विषय काढतो तेव्हा पहिले उत्तर ठरलेले असते, "पाणीच बघायचं तर येलदरीचं धरण हाय की!" दुसरे उत्तर त्याहून जुने, "हे थेर श्रीमंताचे." या दुसऱ्या उत्तराचा आधी समाचार घेऊ. गावाची निवड त्यानंतर.

विश्रांती ही चैन नव्हे

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी सुटीचा हक्क मिळाला. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये राज्याने कोणते ध्येय ठेवावे हे सांगताना जगण्यापुरत्या वेतनाबरोबरच कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा असे स्पष्ट म्हटले आहे. फुरसत हा शब्द घटनेत आहे, बंधू-भगिनींनो! तो काही साहेब लोकांसाठी लिहिलेला नाही.

पण कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबला. शेतमजूर, ऊसतोड कामगार, बांधकामावरचा मजूर यांना आजही पगारी सुटी नाही. घरी बसला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून आपल्या सहलीचा हिशेब नोकरदारांच्या सहलीसारखा मांडून चालत नाही. तिकीट, मुक्काम आणि जेवण यांच्या खाली चौथी ओळ लिहावी लागते, ती बुडालेल्या मजुरीची. ही चौथी ओळ जो विसरतो, त्याच्या घरी सहलीहून परतल्यावर उसनवारी सुरू होते. पुढे गावाची निवड करताना हीच ओळ निर्णायक ठरते, ती ध्यानात ठेवावी.

चार गावे, चार हिशेब

"दक्षिणेकडे समुद्रावर जाऊ" असे म्हटले की आपल्याकडे चार नावे पुढे येतात.

पहिले नाव गोव्याचे. तरुण मुले हेच नाव आधी घेतात. गोव्याचा एक गुण मोकळ्या मनाने मान्य करावा लागेल. तिथे २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे. परंतु वाटूरपासून अंतर सातशे किलोमीटरच्या घरात, सुटीच्या दिवसांत खोल्यांचे भाव चढलेले, आणि दारूची दुकाने पावलोपावली. शिवाय एस. टी. च्या ज्या सवलती आपल्या आयाबहिणींना आणि म्हाताऱ्या माणसांना मिळतात, त्या महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच.

दुसरे नाव काकीनाड्याचे. हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. पण शिर्डी–काकीनाडा गाडी जालन्यावरून जाते. म्हणजे मध्ये कुठे न उतरता आंध्रच्या किनाऱ्यावर पोहोचता येते. परंतु मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावर उन्हाचा कहर असतो, आणि बंगालच्या उपसागरात वादळे उठण्याचाही तोच मोसम. त्यात भाषा तेलुगू. रात्री लेकरू आजारी पडले तर डॉक्टरला काय होते ते सांगणार कसे? हे गाव हिवाळ्यासाठी राखून ठेवावे.

तिसरे मालवण. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचे स्वच्छ पाणी, सोलकढी आणि माशाचे जेवण. सौंदर्यात मालवणला तोड नाही. कोकण रेल्वेच्या कुडाळ स्टेशनवर उतरून पुढे तासाभराचा रस्ता. पण हेही वाटूरपासून सातशेच्या आसपासच पडते. जाण्यायेण्यात दापोलीपेक्षा साधारण दोन दिवस जास्त जातात. दोन दिवस म्हणजे घरातल्या दोन कमावत्या माणसांच्या चार मजुऱ्या!

चौथे दापोली. खुद्द दापोली शहर समुद्रावर नाही. ते वर पठारावर, समुद्रसपाटीपासून आठशे फुटांच्या आसपास आहे. त्यामुळे रात्री किनाऱ्यापेक्षा हवा बरी असते. तिथून पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर मुरूड, कर्दे आणि हर्णैचा समुद्र. वाटूरपासून अंतर पाचशेच्या थोडे पुढे. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठी बाजारपेठ आहे, एस. टी. चे आगार आहे.

निवड कोणाच्या मापाने करायची?

गाव निवडताना गटातला सर्वांत धडधाकट माणूस बोलतो आणि सर्वांत अशक्त माणूस गप्प बसतो. हा आपल्या सगळ्याच सहलींचा अनुभव आहे. कॉलेजातला मुलगा म्हणतो गोवा, आणि गुडघे दुखणारी आजी म्हणते, "तुमी म्हणाल तिकडं." ती नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटले तर आपल्याला घरी ठेवतील ही तिला भीती असते.

आमचे म्हणणे असे की, ही रीत उलटी करावी. गटातली सर्वांत म्हातारी व्यक्ती, सर्वांत लहान मूल आणि सर्वांत कमी मिळकतीचे घर, या तिघांना जे झेपेल तेच गाव निवडावे. आजीला सलग किती तास बसवेल? दोन वर्षांच्या बाळाला दवाखाना किती जवळ हवा? आणि ज्या घरात एकटी बाई कमावते, तिला किती दिवसांची मजुरी बुडवणे परवडेल? या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहावीत. बाकीच्यांना ते गाव आपोआप झेपते.

या मापाने मोजले तर आमचे मत दापोलीच्या बाजूने पडते. मालवण वाईट नाही. ज्यांच्या घरी नोकरीची रजा आहे, म्हातारे माणूस सोबत नाही, त्यांनी खुशाल मालवणला जावे. पण वस्तीतली पाच-सहा कुटुंबे, लहानथोर मिळून वीस-पंचवीस माणसे, आणि त्यांत निम्मी रोजंदारीवरची, अशा गटाला दापोलीच बरी.

एक सावधगिरीची सूचना. महाराष्ट्रात समुद्रकाठची मुरूड नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एक रायगड जिल्ह्यातले, जंजिरा किल्ल्याजवळचे. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले, महर्षी कर्वे यांचे गाव. खोली ठरवताना "मुरूड" एवढेच बोलू नये, तालुका सांगावा. नाहीतर बिछाने एका जिल्ह्यात आणि माणसे दुसऱ्या जिल्ह्यात!

तिकिटाचा हिशेब

आता प्रवासाचे पाहू. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. च्या सर्व गाड्यांत महिलांना निम्मे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट लागते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट तर पूर्वीपासूनचेच. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावे, वयाचा पुरावा वाहकाला दाखवावा लागतो.

याचा अर्थ काय होतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा चोवीस माणसांचा गट आहे. त्यात सहा कर्ते पुरुष, नऊ स्त्रिया, ६५ ते ७५ मधले तीन आजोबा, पंच्याहत्तरी ओलांडलेली एक आजी आणि पाच मुले. सहा पूर्ण तिकिटे आणि सतरा अर्धी, म्हणजे चोवीस माणसे साडेचौदा तिकिटांत जातात! आरक्षणाचा आकार तेवढा वेगळा. सगळा गट स्वतंत्र बस करून जाणार असेल, म्हणजे एस. टी. च्या भाषेत प्रासंगिक करार, तर हा हिशेब बदलतो. त्याचा दर आगारात विचारून दोन्हींची तुलना करावी.

रेल्वेचा हिशेब निराळा. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत बंद झाली, ती पुन्हा सुरू झालेली नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. आणि आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे मेच्या मध्यावर निघायचे तर मार्चच्या मध्यावर तिकीट खिडकीवर उभे राहिले पाहिजे.

तरीही रेल्वेचा एक फायदा पैशात मोजता येत नाही. आजीला आडवे होता येते, आणि संडासची सोय असते. परतूर किंवा जालन्याहून मुंबईच्या गाडीने ठाण्यापर्यंत जावे, तिथे कोकण रेल्वेची गाडी धरून खेडला उतरावे. खेड ते दापोली साधारण तीस किलोमीटर, एस. टी. मिळते. दोन गाड्यांमध्ये तीन-चार तासांचे अंतर ठेवूनच आरक्षण करावे. आपल्याकडून जाणारी गाडी उशिरा पोहोचली तर पुढची थांबत नाही.

रस्त्याने जायचे तर जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे, तिथून घाट उतरून महाड आणि पुढे दापोली. एका दमात हा प्रवास करू नये. घाटात मुलांना आणि बायकांना उलट्या होतात. रिकाम्या पोटी किंवा भरपेट बसवू नये. लिंबू, आवळासुपारी आणि कागदी पिशव्या हाताशी असाव्यात.

महाड आणि वणंद

या रस्त्याचा आणखी एक लाभ आहे, तो आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. महाडला चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ते तळे कायद्याने खुले झालेलेच होते. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेने १९२४ साली तो मान्य केला होता. कागदावरचा हक्क बजावण्यासाठी माणसांना चालत तळ्यापर्यंत जावे लागले. मुलांना हे तळ्याच्या काठावर उभे करून सांगावे, वर्गात सांगितल्याने ते कळत नाही.

दापोलीचे नाते तर घरचेच. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह दापोलीला राहिले, बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षे तिथे गेली. पलटणीतून निवृत्त झालेल्या आपल्या अनेकांनी तेव्हा दापोलीत घरे केली होती. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर हेही त्यांपैकीच. जवळच वणंद हे माता रमाईंचे माहेर. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून नेण्याचे काम करीत, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर डोक्यावर टोपली घेऊन लगबगीने चालणारी माणसे पाहिली म्हणजे त्या कष्टांची थोडी कल्पना येते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. दापोली तालुक्यातच पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे, त्याची सुरुवात बौद्ध भिक्खूंच्या काळातली.

तथापि आमची एक विनंती आहे. पाचही दिवस स्मारके पाहण्यात घालवू नयेत. एक दिवस वणंद-आंबडव्याला द्यावा, येताजाता महाडला थांबावे, आणि बाकीचे दिवस मुलांना नुसते खेळू द्यावे. आपण मुलांना प्रत्येक वेळी काहीतरी शिकवायलाच नेतो. एकदा तरी त्यांना काही न शिकता हसू द्या!

विहिरीचे पोहणे आणि समुद्राचे पाणी

आता सर्वांत महत्त्वाचे. हा भाग घरातल्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवावा.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडमधल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या महाविद्यालयाचे ८ जण गेले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा अंत झाला. ही माणसे आपल्यासारखीच, सुटीची मजा करायला आलेली, बहुतेक समुद्रापासून दूरच्या गावांतली.

आपली वाटूर-परतूरकडची पोरे विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात. त्यांना वाटते आपल्याला पाणी येते. पण विहिरीचे पाणी जागेवर उभे असते, समुद्राचे पाणी चालते. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने जोरात आत ओढले जाते. गंमत अशी की, ज्या जागी ही ओढ असते तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसते. नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो!

ओढीत सापडले तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. दम संपतो आणि माणूस बुडतो. तरंगत राहावे, हात वर करून ओरडावे, आणि किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीच्या बाहेर यावे. बुडणाऱ्याच्या मागे एकामागून एक उड्या टाकू नयेत, हातात हात धरून साखळी करू नये. दोर, रिकामा डबा, हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेकावे आणि गावकऱ्यांना हाक मारावी.

भरती-ओहोटीचा साधा हिशेब कोकणातली म्हातारी माणसे तोंडावर करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा झाला अंदाज, नक्की वेळ त्या दिवशी गावातल्या कोळी बांधवांना विचारावी. आपल्यासाठी यात एक खास गोष्ट आहे. बुद्धपौर्णिमेला जोडून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, पौर्णिमेला उधाण असते. पाणी नेहमीपेक्षा जास्त चढते आणि जास्त दूर हटते. संध्याकाळी समुद्र लांब गेलेला दिसतो म्हणून मुले त्याच्यामागे आत-आत जातात. ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरायचेच नाही, हा नियम गटाने आधीच करावा.

आणखी काही नियम : गुडघ्याच्या वर पाणी नको. खाडीच्या तोंडाशी, खडकांवर आणि सूर्यास्तानंतर मुळीच नको. दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस काठावर उभे, पाण्यात न उतरता आणि मोबाइल खिशात ठेवून. पाळी तासातासाने बदलावी. बायकांनी नऊवारी किंवा पाचवारी साडीत लाटांत जाऊ नये. भिजलेली साडी पायांत गुंडाळते आणि उठू देत नाही. पंजाबी ड्रेस घालावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. बोटीत बसताना प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, लहान मुलाला त्याच्या मापाचे. नसेल तर बोटीतून उतरावे, पैसे गेले तरी चालतील. आणि दारू पिऊन पाण्यात उतरणारा माणूस आपल्याबरोबर दुसऱ्यालाही नेतो. पंचशील घरी ठेवून सहलीला निघायचे नसते, हे पुरुष मंडळींनी वेगळे सांगायला लावू नये.

केव्हा जावे?

१४ एप्रिलची जयंती, मग लग्नसराई, बुद्धपौर्णिमा आणि जूनच्या आरंभी मृगाची पेरणी. आपल्याला मोकळीक मिळते ती मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. त्याच्या पुढे लांबवू नये. मेच्या अखेरीस समुद्रातले खेळ आणि बोटी पावसाळ्यासाठी बंद होतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीलाही बंदी असते. २०२५ साली तर पाऊस २५ मेच्या सुमारासच तळकोकणात येऊन धडकला.

कोकणातले ऊन आपल्यापेक्षा कमी असते, पण हवा दमट. आपल्याकडे घाम वाळतो, तिकडे अंगावर राहतो. दम्याच्या आणि रक्तदाबाच्या माणसांना याचा त्रास होतो. दुपारी अकरा ते चार सावलीत राहावे, मीठ-साखरेचे पाणी प्यावे, नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात.

मुक्काम, जेवण आणि आडनाव

दापोली, मुरूड आणि कर्दे इथे घरगुती निवास पुष्कळ आहेत. वीस-पंचवीस माणसांना एकच घर मिळाले तर स्वस्त पडते. ठरवताना चार गोष्टी विचाराव्यात : संडास किती, पाणी मेमध्ये पुरते का, जेवणाच्या ताटाचा दर काय, आणि लहान मुलांचे अर्धे ताट मिळते का.

जेवणाबाबत आमचे ठाम मत आहे. स्टोव्ह, पातेली आणि पीठ बरोबर नेऊन खर्च वाचतो खरा, पण मग बाई घरची चूल सोडून समुद्राकाठच्या चुलीशी बसते. तिची सुटी कुठे राहिली? एक वेळचे ताट विकतचे घ्यावे, सकाळी पोहे-उपमा पुरुषांनी करावा, आणि जाताना दशम्या, चटणी, धपाटे न्यावेत. एवढे केले तरी बायकांच्या वाट्याला रोजचे काही तास येतात.

काही ठिकाणी खोली देण्याआधी आडनाव विचारण्याची आणि मग "आज जागा नाही" म्हणण्याची खोड अजून गेलेली नाही. अशा वेळी हुज्जत न घालता, पण मान खालीही न घालता वागावे. राज्यघटनेचा अनुच्छेद १५ सांगतो की, दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. निघण्यापूर्वीच आगाऊ पैसे भरून पावती घ्यावी, पावतीवर माणसांची संख्या आणि दर लिहून घ्यावा. पावती हातात असली की शब्द फिरवणे अवघड जाते.

पैसा कसा जमवावा?

एकदम रक्कम काढणे कुणालाच जमत नाही. पण महिला बचत गटाची रीत आपल्या बहिणींना तोंडपाठ आहे. माणशी महिन्याला ३०० रुपये, दहा महिने, म्हणजे ३००० रुपये होतात. पुढच्या मेसाठी या जुलैपासून सुरुवात केली की एप्रिलअखेर रक्कम उभी राहते. वही एकीकडे, पैसे दुसरीकडे. जमा दर महिन्याला सर्वांसमोर वाचून दाखवावी. एकूण रकमेचा दहावा भाग आजारपणासाठी बाजूला ठेवावा आणि खर्च झाला नाही तर परत वाटावा. कुणी कर्ज काढून येऊ नये. एखाद्या घराची रक्कम कमी पडली तर ती गटाने चुकती करावी, पण चारचौघांत बोलून दाखवू नये.

आणि चौथी ओळ विसरू नये. शनिवारी रात्री निघावे आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी परतावे, म्हणजे सहा दिवसांतच सहल आटोपते. रविवारी महाड आणि संध्याकाळी दापोली. सोमवार, मंगळवार मुरूड-कर्द्याचा किनारा. बुधवारी सकाळी वणंद आणि आंबडवे, दुपारनंतर हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात उभा सुवर्णदुर्ग. गुरुवारी परतीचा प्रवास. मालवणला गेलो तर हेच आठ दिवसांवर जाते.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच अर्धा तास बसा. एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर गटातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे नाव लिहा, खाली सर्वांत लहान लेकराचे, आणि त्याखाली ज्या घराला सर्वांत जास्त ओढाताण आहे त्या घराचे. मग त्या तिघांना विचारा, कुठे जाऊ या?

जयभीम!